मोठ्याने वाचलेलं वर्ष

मागच्या वर्षी मी दहा पुस्तकं पूर्ण वाचली आणि एक अर्ध्यात ठेवलं, शिवाय दिवाळी अंकातल्या काही कथा. एरवी माझं वर्षाला चाळीस-पन्नास पुस्तकांचं वाचन होतं, बसमध्ये, ऑफिसच्या जेवणाच्या सुट्टीत, रात्री झोपताना, त्यामुळे हा आकडा कमी वाटेल. पण ही सगळी पुस्तकं मी तोंडाने वाचली, रोज रात्री साडेआठ ते साडेनऊ, आईसाठी, आणि इतक्या वर्षांत फिक्शन वाचताना जे कळलं नव्हतं ते या एका वर्षात कळलं असं मला मनापासून वाटतं, म्हणून हे लिहायला घेतलंय.

आईला दोन वर्षांपूर्वी मॅक्युलर डीजनरेशन निघालं. डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग खराब होत जातो. बाजूचं दिसत राहतं, त्यामुळे ती घरात नीट वावरते, चहा करते, गॅलरीतल्या कुंड्यांना पाणी घालते, पण ज्याच्याकडे बघावं नेमकं तेच पुसलेलं दिसतं. चेहरा आणि अक्षर, या दोन गोष्टी गेल्या. तिच्या प्रकारात इंजेक्शनचा उपयोग नाही असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. काही महिने भिंगाने चाललं, मग मोठ्या टायपातली पुस्तकं, मग पेपरच्या हेडलाइन, मग तेही बंद.

आई जिल्हा परिषदेची रिटायर्ड शिक्षिका, वय सत्त्याहत्तर. अमरावतीला असताना लायब्ररीचं कार्ड तिने चाळीसेक वर्षं बंद पडू दिलं नव्हतं. डोळ्यांमुळे तिला मी नाशिकला माझ्याकडे आणलं. आधी मी तिला फोनवर ऑडिओबुक लावून दिली, ती दोन दिवस ऐकून तिने हेडफोन काढून ठेवले आणि म्हणाली, "थांब म्हटलं का थांबत नाही वो ते. मले मंधात विचारायचं असते." तेव्हा माझ्या लक्षात आलं की ही बाई आयुष्यभर पुस्तकाशी बोलत वाचत आली असणार, फक्त मनातल्या मनात.

३ जानेवारीला आम्ही 'बनगरवाडी'ने सुरुवात केली. मुद्दाम लहान पुस्तक घेतलं. माझा हिशोब असा होता की मनात वाचताना मी तासाला चाळीस-पंचेचाळीस पानं वाचते, मोठ्याने त्याच्या निम्मी तर होतील. झाली अठरा. आणि तीही आईने मध्ये थांबवलं नाही तर. माडगूळकरांची ही कादंबरी १९५५ ची, औंध संस्थानातल्या एका धनगरवाडीवर एक तरुण मास्तर एकशिक्षकी शाळा चालवायला जातो, एवढंच. मी ती आधी दोनदा वाचलेली होती, कॉलेजात एकदा आणि नंतर एकदा, आणि माझ्या डोक्यात ती माळरानाची, मेंढरांची, दुष्काळाची गोष्ट म्हणून बसलेली होती. आईसाठी ती हजेरीपटाची गोष्ट होती. मास्तर शाळेत येऊन बसलाय आणि पोरंच नाहीत, हे आलं की तिने मला थांबवलं आणि विचारलं, मग रोजची हजेरी काय मांडली असेल त्याने?

आणि मग तिने सांगितलं ते मी आजवर कधीच ऐकलेलं नव्हतं. तिची पहिली नेमणूक मेळघाटात होती हे मला माहीत होतं, पण एका ओळीत माहीत होतं, "आई आधी धारणीकडे होती" असं. ते १९६८ साल, ती एकवीस वर्षांची, व्याघ्र प्रकल्प अजून व्हायचा होता, तो १९७४ चा. एसटी जिथे सोडायची तिथून अडीच तास पायी. गावात सगळे कोरकू, पोरांना मराठी येत नाही आणि हिला कोरकू येत नाही. चैत्रात मोहाची फुलं पडायला लागली की पहाटेच अख्खी घरं टोपल्या घेऊन जंगलात, पोरं पण, मग सकाळच्या शाळेत बसणार कोण. हिने परस्पर शाळेची वेळ दुपारची केली. आठवड्याने तपासणीला साहेब आले ते सकाळी आले, कुलूप बघून गेले, आणि हिला मेमो मिळाला. तो मेमो तिने अजून जपून ठेवलाय म्हणे, अमरावतीच्या घरातल्या ट्रंकेत. होळीला गावातल्या बायका रस्त्यात अडवून फगवा मागायच्या आणि पहिल्या पगारातले सुटे पैसे हिने तिथेच वाटून टाकले, हेही तेव्हाच कळलं.

सव्वाशे-दीडशे पानांचं पुस्तक आम्हाला तीन आठवडे पुरलं. त्यात पुस्तक निम्मं आणि मेळघाट निम्मा. शेवटी दुष्काळात लोक वाडी सोडून जातात आणि शाळेत पोरंच उरत नाहीत, तिथे मात्र ती काहीच बोलली नाही. मी पुस्तक मिटलं, लाइट बंद केला, आणि बऱ्याच वेळाने अंधारातून तिने विचारलं, "त्याची तालीम मंग कोन वापरत असन?" मास्तराने वाडीतल्या लोकांकडून कष्टाने बांधून घेतलेली ती तालीम. मी दोनदा वाचूनही हा प्रश्न मला पडला नव्हता.

त्यानंतर 'धग'. हे पुस्तक तिने मागितलं. उद्धव शेळके आमच्या अमरावती जिल्ह्यातले, कादंबरी १९६० ची, आणि त्यातले संवाद वऱ्हाडीत. इथे मला माझं एक सांगायला पाहिजे. मी सतरा वर्षांची असताना पुण्याला शिकायला गेले, आणि पहिल्या सहा महिन्यांत वऱ्हाडी बोलणं सोडलं. कुणी सोडायला लावलं नाही, होस्टेलमध्ये एकदोघी माझी वाक्यं परत परत म्हणून दाखवायच्या तेवढंच, पण ते पुरेसं होतं. त्यानंतर आईशीसुद्धा मी प्रमाण मराठीतच बोलते, ती वऱ्हाडीत आणि मी माझ्या मराठीत, पंचवीस-तीस वर्षं असंच चालू आहे आणि आम्हा दोघींना त्यात काही वेगळं वाटत नव्हतं.

आता 'धग' मनात वाचताना हे आड येत नाही. डोळा वऱ्हाडी ओळ वाचतो, अर्थ कळतो, पुढे जातो. पण तोंडाने वाचायचं तर तो हेल काढावा लागतो. पहिल्या रात्री मी कौतिकचे संवाद वाचले ते बातम्या दिल्यासारखे वाचले. आईने दोन पानं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "असी कोनी बोलते का? ती भांडून राह्यली नं नवऱ्यासंग, मंग भांड." दुसऱ्या रात्री थोडं जमलं. आठवड्याभरात असं झालं की वाचन संपल्यावर मी पाणी आणायला स्वयंपाकघरात गेले आणि तिथून हाक मारली, "आई, कोमट देऊ का तुले?" 'तुले' म्हणाले मी. ती काही म्हणाली नाही. मीही नाही. पण मला ते 'तुले' रात्रभर ऐकू येत राहिलं.

'धग' वाचलेल्यांना माहीत आहे ती किती अंगावर येते. एका शिंप्याच्या घरातली कौतिक, कर्तबगारी नसलेला नवरा महादेव, त्याला झालेला महारोग, भीमा, यसोदा आणि नामा ही मुलं, आणि या सगळ्यांना ओढत नेणारी ती एकटी बाई. शेवटी तिचं मन तुटतं. मनात वाचताना मी शेवटची पानं भराभर वाचली होती, तसं सगळेच करत असतील, त्रास होतो म्हणून. मोठ्याने वाचताना भराभर वाचता येत नाही. प्रत्येक वाक्याला तेवढाच वेळ द्यावा लागतो जेवढा ते वाक्य मागतं. कौतिकचं शेवटचं बोलणं माझ्या तोंडातून निघत होतं आणि समोर माझी आई बसलेली होती, जिला माझा चेहरा दिसत नव्हता. ती एवढंच म्हणाली, "नाव पाय कसं ठेवलं मायबापानं. कौतिक. अन् कौतिक करनारं एकही नाही घरात."

दोन दिवसांनी तिने आणखी एक गोष्ट काढली, ती मला महत्त्वाची वाटते. म्हणाली, मी शाळेत पोरांची वऱ्हाडी खोडत होतो. पोरगं 'मले' म्हणालं की 'मला' म्हण, 'पानी' लिहिलं की लाल शाई. छत्तीस वर्षं. आणि या माणसाने तीच भाषा पुस्तकात छापली आणि पुस्तक मोठं झालं. असं म्हणून ती गप्प झाली. मी म्हटलं, तुझं ते कामच होतं. त्यावर ती म्हणाली, हाव, काम होतं, पण पोरं घरी जाऊन मायबापाचं पण खोडत असतील नं मंग.

तेव्हापासून मी एक गोष्ट बघायला लागले, आणि वर्षभर बघत राहिले, ती म्हणजे अवतरणचिन्हं. 'धग'मध्ये माणसं वऱ्हाडी बोलतात, पण गोष्ट सांगणारा प्रमाण मराठीत सांगतो. डोळ्याने वाचताना या दोन भाषांमधली हद्द जाणवतच नाही, कारण आपल्याला त्याची सवय आहे. तोंडाने वाचताना मात्र दर चार ओळींनी मला माणूस बदलावा लागायचा, अवतरण उघडलं की अमरावती आणि बंद झालं की पुणे. आणि मला वाटायला लागलं की माझं स्वतःचं घर तसंच चाललंय, आई अवतरणचिन्हांच्या आत आणि मी बाहेर.

एप्रिलमध्ये 'पण लक्षात कोण घेतो'. नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयातून आणलं, हे वाचनालय १८४० चं, म्हणजे हरि नारायण आपट्यांच्या जन्माच्याही चोवीस वर्षं आधीचं. आपट्यांनी १८९० मध्ये 'करमणूक' साप्ताहिक काढलं आणि त्यात ही कादंबरी क्रमशः आली. मला वाटलं होतं इतकी जुनी भाषा, लांबच लांब वाक्यं, जीभ अडखळेल. झालं उलटंच. वर्षभरात माझ्या श्वासाला सगळ्यात सोपी गेलेली कादंबरी ही. वाक्य पाच ओळींचं असलं तरी जिथे दम लागतो तिथे बरोबर थांबायला जागा आहे, आणि यमू स्वतःच सांगतेय, समोर कुणीतरी बसलंय असं धरून सांगतेय, त्यामुळे वाचणारीला वेगळं काही करावंच लागत नाही. रोज एक तुकडा ऐकून उद्याची वाट बघायची, ही त्या कादंबरीची मूळची चाल आम्हाला आपोआप मिळाली.

रघुनाथराव यमूला लिहा-वाचायला शिकवतात तो भाग आईने दुसऱ्या दिवशी परत वाचायला लावला. कारण सांगितलं नाही आणि मी विचारलंही नाही. आणि नवरा गेल्यावर यमूचं जबरदस्तीने केशवपन होतं तिथे मी थांबले, मला पुढे वाचवेना. आई म्हणाली, वाच, थांबू नको. मग तिने सांगितलं की तिच्या लहानपणी घरासमोरच्या वाड्यात एक म्हाताऱ्या बाई होत्या, लाल आलवणातल्या, डोक्यावरून पदर ओढलेला, पोरांनी त्यांना शिवायचं नाही. सगळे त्यांना सोवळ्या काकू म्हणायचे. "त्यायचं नाव काय होतं ते मले आजही माहीत नाही," आई म्हणाली. १९५५ च्या आसपासची गोष्ट ही, आपट्यांच्या कादंबरीनंतर साठ-पासष्ट वर्षांनी.

मे महिन्यात 'फकिरा', आणि हे वर्षातलं सगळ्यात वेगात झालेलं पुस्तक. अण्णा भाऊ साठे शाहीर होते, लाल बावटा कलापथकात गायलेले, आणि ते कादंबरीत कसं उतरलंय हे मोठ्याने वाचल्याशिवाय कळत नाही असं मी आता ठामपणे म्हणेन. वाक्यं आखूड, क्रियापदं पुढे धावणारी, कुठे रेंगाळणं नाही. फकिराचा बाप राणोजी गावासाठी जोगणी, म्हणजे जत्रेचा मान, आणायला जातो आणि त्यात मारला जातो तो भाग मी न थांबता वाचला, थांबताच येत नव्हतं, आणि आई खुर्चीत पुढे सरकून बसली होती. मनात वाचताना मला ही कादंबरी कधीकधी भडक वाटली होती. ते माझं चुकलं होतं. ती कानासाठी लिहिलेली आहे आणि मी डोळ्याने मोजत होते. दुसऱ्या दिवशी माझा आवाज बसला, तीन दिवस मिठाच्या पाण्याच्या गुळण्या, आणि आईने तीन दिवस तोच भाग आठवून आठवून मला सांगितला.

पावसाळाभर 'तुंबाडचे खोत'. पेंडशांचे दोन जाडजूड खंड, जगबुडी नदीकाठच्या तुंबाडच्या खोतांच्या पिढ्यान्पिढ्या. अडीच महिने लागले. एवढी नावं कशी लक्षात राहणार म्हणून मी कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला जाड मार्करने वंशावळ काढली, आणि काढून झाल्यावर लक्षात आलं की ती फक्त मला दिसणार. आईने ती तोंडपाठ केली. रोज वाचन सुरू करायच्या आधी ती कोण कुणाचा मुलगा, कोण गेलं, कोण आहे हे हजेरी घेतल्यासारखं म्हणून दाखवायची. मला पहिला खंड दुसऱ्यापेक्षा जास्त आवडला, तिला दुसरा, कारण तिच्या मते म्हाताऱ्या होत चाललेल्या घराची गोष्ट दुसऱ्यात आहे. बाहेर पाऊस आणि आत कोकण, हे दिवस छान गेले, त्याबद्दल अजून काही सांगण्यासारखं नाही.

'कोसला' तिने आधी कधी वाचलेली नव्हती. पहिल्या शंभर पानांना तिचा एकच प्रश्न, "हा पोरगा काही करत काहून नाही?" मी बाजू मांडून बघितली, १९६३, खानदेशातून पुण्याला आलेला पोरगा, एकटेपणा वगैरे. आणि हे 'वगैरे' वाचायला मजा यायची, तो 'उदाहरणार्थ' आणि 'वगैरे' सारखा येतो ना, मनात वाचताना ती एक लकब वाटते, मोठ्याने वाचताना कळतं की तो ताल आहे, प्रत्येक वेळी जरा वेगळ्या ठिकाणी पडणारा. मग मनीचा मृत्यू आला. पांडुरंगाची धाकटी बहीण, देवी येऊन जाते. तो भाग मी एकटीने दोनतीनदा वाचलेला आहे, तरी मला तो मोठ्याने वाचता आला नाही. दोन ओळी झाल्या की गळा भरून यायचा. आईने हात पुढे करून अंदाजाने पुस्तकावर ठेवला आणि म्हणाली, पाच मिनिटं थांबू. त्या पाच मिनिटांत तिने दंडावरची देवी टोचल्याची खूण चाचपली आणि मेळघाटात टोचणारे लोक यायचे तेव्हा शाळेतली पोरं मागच्या खिडकीतून पळायची आणि ही त्यांना धरून आणायची ते सांगितलं. देवीचा शेवटचा रुग्ण आपल्या देशात १९७५ साली सापडला, म्हणजे 'कोसला' आली तेव्हा मनी मरणं ही कुठल्याही घरातली गोष्ट होती. मग मी वाचलं, हळू, आणि पूर्ण वाचलं. त्यानंतर पांडुरंग काही करत का नाही हे आईने परत विचारलं नाही.

'शाळा' मात्र हसत झाली. चौदा-पंधरा वर्षांची पोरं आणीबाणीच्या काळात काय बोलतात ते मिलिंद बोकिलांनी इतकं नेमकं पकडलंय की आई प्रत्येक पोराला आपल्या कुठल्यातरी विद्यार्थ्याचं नाव देत होती.

सप्टेंबरच्या शेवटी मी 'रीटा वेलिणकर' काढली, शांता गोखल्यांची, आणि ती माझी निवड होती. रीटाचं लग्न झालेल्या माणसाशी असलेलं नातं, तिचं कोलमडणं, त्यातून उठणं. एका रात्री मी अर्धं पान गाळलं. आईसमोर ते वाचायला मला जड गेलं, म्हणून नजर खाली सरकवली आणि पुढच्या परिच्छेदावर गेले, आवाजात काही फरक न करता. आई म्हणाली, "मंधातलं काय झालं?" मी म्हटलं काही नाही. ती म्हणाली, "तू श्वास घेतला तिथं. एरवी नाही घेत." मग मी मागे जाऊन वाचलं. तिने शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, लग्नाच्या आधी मीही नोकरीवर एकटीच राहत होते, मला काय कळत नाही का. सत्त्याहत्तर वर्षांच्या बाईला काय झेपेल हे मी ठरवत होते, आणि मला त्या रात्री खरंच वाईट वाटलं. त्यानंतर मी एक ओळसुद्धा गाळली नाही.

जी. ए. कुलकर्णींचा कथासंग्रह 'काजळमाया' आम्ही दिवसा वाचला, रविवारी दुपारी, कारण त्यातली 'विदूषक' रात्री ऐकल्यावर तिला झोप लागली नाही. त्यांच्या एकेका वाक्यात इतकं असतं की ऐकणाऱ्याला ते मावून घ्यायला वेळ द्यावा लागतो, मी प्रत्येक परिच्छेदानंतर थांबायला शिकले. दिवाळीत दिवाळी अंक, एका बैठकीत एक कथा, पाहुण्यांच्या गडबडीत तेवढंच जमत होतं.

अर्ध्यात ठेवलं ते पुस्तक 'बारोमास'. सदानंद देशमुखांची, बुलढाण्याकडची, शिकून शेतीत अडकलेल्या एकनाथची गोष्ट. पुस्तक उत्तम आहे, त्यात शंका नाही. पण आईच्या माहेरच्या नात्यात एक माणूस शेतीच्या कर्जात गेलेला आहे, आणि ऐंशी-नव्वद पानांनंतर ती म्हणाली, हे राहू दे. माझ्या मते हे पुस्तक अर्ध्यात सुटलं याचा अर्थ ते कमी पडलं असा होत नाही. शेल्फवर ते खुणेच्या कागदासकट ठेवलंय.

आणि डिसेंबरात 'रिंगाण'. कृष्णात खोतांच्या या कादंबरीला २०२३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. धरणात गाव गेलेली माणसं, आणि मागे राहिलेल्या म्हशीला आणायला परत त्या जंगलात जाणारा माणूस. पहिली दहा पानं मला वाचताच येईनात. कोल्हापूरकडची बोली, आणि या वेळी फक्त संवादात नाही तर सांगणारासुद्धा त्याच भाषेत सांगतोय. अवतरणचिन्हांतून बाहेर पडून परत माझ्या मराठीत यायला जागाच नाही. आई म्हणाली, आपलं नाही हे, पण तू वाचत राह्य, कान बसन. खरंच चौथ्या-पाचव्या रात्री कान बसला, काही शब्द शेवटपर्यंत कळले नाहीत तरी म्हैस आणि माणूस एकमेकांना हुंगत, बिचकत, फिरतात ते दिसायला लागलं. मी आईला सांगितलं, बघ, इथे सांगणारा पण बोलीतच आहे. 'धग'मध्ये नव्हता. तिला मी अवतरणचिन्हांचं आधी बोलले होते. ती बराच वेळ विचार करत राहिली.

पुस्तक २८ डिसेंबरला संपलं. दुसऱ्या दिवशी नवीन काय घ्यायचं विचारलं तर म्हणाली, आता चार दिवस मी सांगतो, तू लिही. मेळघाटाचं. तुझ्या त्या मास्तरासारखं. मी वही घेतली आणि पहिलं वाक्य लिहून तिला वाचून दाखवलं, "मी पहिल्यांदा गावात पोहोचले तेव्हा संध्याकाळ झाली होती." तिने लगेच हात हलवला.

"मी असी बोलली का? मी बोलते तसंच लिहिजो. सगळं."

खोडून परत लिहिलं. चार दिवसांचे आता दोन महिने झालेत आणि एकवीस पानं झालीत. साडेआठला आधी कादंबरीची दहा पानं, मग तिचं सांगणं, आणि शेवटी आदल्या दिवशीचं मी तिला वाचून दाखवते. ती डोळे मिटून ऐकते आणि जिथे मी चुकून 'मला' लिहिलंय तिथे बोट वर करते, आणि मी ते 'मले' करते, निळ्या पेनने.